धोबीतलावला उतरा

मुंबईत मेट्रो सिनेमासमोरच्या चौकाला वासुदेव बळवंत फडक्यांचं नाव आहे, पण कंडक्टर आणि टॅक्सीवाला दोघंही त्याला धोबीतलावच म्हणतात. तिथे उतरा. फोन घरी ठेवा. एखाद्या जिवलग मित्राला किंवा मैत्रिणीला बरोबर घ्या, कारण जिथे चाललोय तिथे एकट्याने जाण्यात मजा नाही. आपल्याला मुंबईचं जॅझ ऐकायचंय. एक रात्र १९३६ मधली, एक दुपार १९५१ मधली आणि मग १९७८ च्या फेब्रुवारीतल्या रात्री. रात्रींना चालत जाता येईल. दुपारसाठी तेवढी लोकल पकडावी लागेल.

१९३६

ट्रामची घंटा ऐकू आली की समजा, पोचलात. मेट्रो सिनेमा अजून उभा राहायचाय. १९०४ पासूनचा कयानी हा इराणी कॅफे मात्र आहे तिथेच आहे, आणि आतून भाजलेल्या पावाचा वास रस्त्यापर्यंत येतो आहे. तुमच्याच वयाचा एक मुलगा हाक मारतो, "कसो आसा रे?" आणि हाताला धरून तुम्हाला एका इमारतीचा लाकडी जिना चढायला लावतो.

ही त्याच्या गावाची कूड. गोव्यातल्या गावांनी मुंबईत अशा सामाईक जागा घेतल्या आहेत. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंकांची रांग, प्रत्येकीवर मालकाचं नाव रंगवलेलं, कोपऱ्यात गावच्या संताची वेदी. संध्याकाळी सगळे मिळून रोझरीची प्रार्थना करतात. कुणी बोटीवर खानसामा म्हणून लागायची वाट बघतोय, कुणी हॉटेलात वेटर आहे, आणि बरेच जण वाजवणारे आहेत. पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळेत व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवतात. त्यामुळे ही मुलं आपण वर्तमानपत्र वाचतो तितक्या सहज नोटेशन वाचतात. मुंबईतल्या नाचाच्या बँडांना हेच तर हवं असतं.

कूडीतल्या ह्या नव्या मित्राने कुणाकुणाकडून दोन डिनर जॅकेटं उसनी आणली आहेत. तुमच्या जॅकेटाच्या बाह्या दोन बोटं आखूड आहेत. चालेल. फ्लोरा फाउंटनवरून चालत तुम्ही ताजमहाल हॉटेलात पोचता.

आत बॉलरूममध्ये वाजवताहेत ती माणसं हार्लेम, शिकागो, पॅरिस करत इथवर आलेली आहेत. लिऑन ॲबी हा आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादक १९३५ साली आपला बँड घेऊन ताजमध्ये आला, आणि आता ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ सूत्रं सांभाळतो आहे. ह्याच वर्षी त्याच्या बँडने 'ताजमहाल' नावाच्या फॉक्सट्रॉटची रेकॉर्डही काढली आहे. अमेरिकेत ज्या हॉटेलात वाजवायचं त्याच हॉटेलात ह्या माणसांना खोली मिळत नाही. मुंबईत ते इतमामाने राहतात. आणि ह्याच मुंबईत असे क्लब आहेत की तिथे तुम्हाला आणि तुमच्या मित्राला उंबरा ओलांडता येत नाही. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून ऐका.

तुमचा मित्र नाचणाऱ्यांकडे बघतच नाही. त्याची नजर ट्रंपेटवाल्याच्या डाव्या हातावर आहे. त्या हातात रबराची एक वाटी आहे, आणि ट्रंपेटच्या तोंडाशी ती झाकली-उघडली की सूर माणसासारखा कण्हतो, कुरकुरतो, हसतो. मग मित्राच्या आणखी एक गोष्ट लक्षात येते. समोरच्या स्टँडवरचं पान संपलेलं आहे आणि तरी तो माणूस वाजवतोच आहे. "हें कोणें बरयलां?" मित्र तुमच्या कानाशी विचारतो.

कुणीच लिहिलेलं नाही. ते आत्ता, तुमच्यासमोर तयार होतं आहे. चर्चच्या शाळेत जे शिकवत नाहीत ते हेच. धोबीतलावच्या मुलांनी ते शिकून घेतलं रेकॉर्ड झिजवून, रात्र रात्र बँडच्या मागे उभं राहून आणि कूडीत परतल्यावर एकमेकांना "ऐक, असं होतं ते" म्हणत. मुंबईचं जॅझ ह्या दोस्तीत वाढलं. परतताना तुमचा मित्र फाउंटनपासून धोबीतलावपर्यंत तीच एक ओळ तोंडाने वाजवतो, दर वेळी थोडी वेगळी. त्याला थांबवू नका.

१९५१

आता दुपार आहे आणि लोकल पकडून तुम्ही एका सिनेमा स्टुडिओत पोचला आहात. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली, आणि ज्या हॉटेलांचा खर्च बारवर निघत होता त्यांनी बँड कमी केले. ट्रंपेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट वाजवणारे हात पोटासाठी सिनेमाकडे वळले, आणि हिंदी सिनेमाचं गाणं बदललं.

इथे काम कसं चालतं ते नीट बघा. संगीतकार पेटीवर चाल गातात. ती त्यांच्या गळ्यात असते, कागदावर नसते. शेजारी बसलेला गोव्याचा अरेंजर ऐकता ऐकता पाच रेघांच्या कागदावर ती उतरवतो आणि कुठला भाग कुठलं वाद्य वाजवेल ते ठरवतो. तासाभरात वीसेक वादक ते पान वाचून असं वाजवतात की जणू चाल लहानपणापासून पाठ आहे. दोन वेगळ्या शिस्तींची माणसं एका खोलीत बसून एकमेकांचं काम पुरं करतात.

आजचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. चित्रपट 'अलबेला', दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा, गिरणी कामगाराचा मुलगा. ट्रंपेटवर आहे आल्दोण्याचा आंतोनियो शाव्हियर वाझ. पण ह्या नावाने त्याला कुणी हाक मारत नाही. तो चिक चॉकलेट, आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणतात. अण्णा एक ओळ गातात, चिक ती ट्रंपेटवर परत करतो, पण शेवटाला एक छोटी वेलांटी घालून. अण्णा हसतात, मान डोलावतात, आणि ती वेलांटी गाण्यात राहते. पुढे घरोघरी लग्नाच्या वरातीत लोक ह्या गाण्यांवर नाचतील. त्यांतल्या कित्येकांनी जॅझ हा शब्दही ऐकलेला नसेल, तरी त्यांचे पाय त्याच तालावर पडत असतील.

तुमचा कूडीतला मित्र ट्रंपेटांच्या दुसऱ्या ओळीत बसलाय. कपाळ जरा वर सरकलं आहे. टेक संपल्यावर तो तुम्हाला ओळखीचं हसू देतो, पण पुढच्या गाण्याचं पान लगेच समोर येतं. आज बोलणं होत नाही. पुढच्या वेळी नक्की होईल.

१९७८

फेब्रुवारी. अंगावर स्वेटर नको, पण असता तर बरं वाटलं असतं एवढाच गारवा. संध्याकाळचे पाच, कयानी, खिडकीजवळचं टेबल. तुमचा चौघांचा कंपू जमतो आहे. एकाची बँकेत नोकरी, एक कॉलेजात शिकवते, एक गिरगावातल्या घरचं दुकान बघतो, आणि एक पुण्याहून सकाळच्या डेक्कन क्वीनने आलाय.

"काय रे, किती वाळलास!"

"कारखान्याचं कँटीन आहे बाबा. तू येऊन जेव, म्हणजे कळेल."

"आणि पत्राला उत्तर का नाही दिलंस?"

"म्हटलं भेटणारच आहोत, तर तोंडावरच सांगू. मुलगी झाली मला!"

टेबलावर एकच कल्लोळ होतो. ब्रून मस्का आणि मावा केक ह्यांची दुसरी फेरी येते, आणि बिल कुणी द्यायचं हा प्रश्न आपोआप सुटतो. चौघांपैकी एकाच्याच घरी टेलिफोन आहे, बाकीच्यांचे अर्ज वर्षानुवर्षं रांगेत पडलेत. त्यामुळे सांगायचं साठतं आणि भेटीत सगळं एकदम बाहेर येतं. गिरगावच्या मित्राने पिशवीतून एक एलपी काढून हळूच टेबलावर ठेवली आहे. परदेशी रेकॉर्डी महाग, म्हणून कंपूने वर्गणी काढून एक घ्यायची आणि महिनाभर एकेकाकडे फिरवायची, असा नियम. ह्यांचं खरं विद्यापीठ म्हणजे शॉर्टवेव्ह रेडिओ. व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कोनोव्हर जगभरच्या श्रोत्यांना समजावं म्हणून एकेक इंग्रजी शब्द सुटा करून बोलतो आणि जॅझ लावतो. रात्री उशिरा, आवाज बारीक करून, घरचे जागे होणार नाहीत अशा बेताने ह्या चौघांनी चार वेगवेगळ्या घरांत तेच सूर ऐकलेत, खरखरीतून.

आज खरखर नाही. निरंजन झवेरी आणि त्यांच्या 'जॅझ इंडिया' ह्या संस्थेने जगभरच्या वादकांना मुंबईत बोलावलंय. पहिला जॅझ यात्रा महोत्सव, रंगभवनात. कयानीपासून पाच मिनिटांवर, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, राज्य सरकारचं खुलं नाट्यगृह. डोक्यावर छत नाही, फक्त आकाश आहे.

महोत्सव कित्येक रात्रींचा आहे. आपण काळातून फिरणारी माणसं, तेव्हा त्यातल्या दोन रात्री उचलू.

पहिली क्लार्क टेरीची. काउंट बेसी आणि ड्यूक एलिंग्टन, दोघांच्याही बँडमधून हा ट्रंपेटवादक घडलेला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पण मंचावर येतो तो लग्नघरातल्या लाडक्या मामासारखा. त्याची एक प्रसिद्ध करामत आहे. एका हातात ट्रंपेट, दुसऱ्या हातात फ्लूगलहॉर्न. हे ट्रंपेटचंच भावंड, पण त्याची नळी सुरुवातीपासूनच जास्त रुंदावत जाते, त्यामुळे सूर गोल आणि मऊ येतो. टेरी ट्रंपेटवर एक प्रश्न विचारतो आणि श्वास मोडायच्या आत दुसऱ्या हातातलं वाद्य ओठांना लावून स्वतःलाच उत्तर देतो. प्रश्न तिखट, उत्तर मवाळ. मग दोन्ही आवाज भांडायला लागतात, वाक्यं आखूड होत जातात, शेवटी एकेका सुराची चकमक. सवाल-जवाब ऐकत वाढलेल्या तुम्हाला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. पुण्याचा मित्र "क्या बात है!" म्हणतो आणि पुढच्या रांगेतले दोघं त्याच्याकडे वळून हसतात.

तुमच्या उजव्या हाताला साठीच्या आसपासचे एक गृहस्थ बसलेत. पांढरा शर्ट, गुडघ्यावर चार बोटं. ती बोटं सतत काहीतरी मोजताहेत. तुम्ही बघताय हे लक्षात आल्यावर ते म्हणतात, "बारा मोज, बाबा. बारा मोजलेस की घर सापडतं."

ते ब्लूजविषयी सांगताहेत. बारा मात्रांचं नव्हे, बारा बारचं एक आवर्तन, दर बारमध्ये चार ठोके, म्हणजे अठ्ठेचाळीस ठोक्यांचा एक फेरा. मध्यम लयीत तो साधारण चोवीस सेकंदांत पुरा होतो. एकल वादन करणारा कितीही लांब भटकला तरी पायाखाली हा फेरा चालूच असतो. बेसवाला आणि ड्रमवाला तो धरून ठेवतात, जसा तबलजी ठेका धरतो. वाजवणारा फेऱ्याच्या तोंडाशी चपखल परत आला की जी लहर श्रोत्यांतून जाते ती आपल्या ओळखीचीच, गवई समेवर आला की येते ती. तुम्ही मोजायला लागता. तिसऱ्या फेऱ्याला चुकता. पाचव्याला तुमची बोटं आणि त्यांची बोटं एकदमच थांबतात, आणि ते तुमच्या पाठीवर थाप मारतात.

मध्यंतर. कोकाकोला गेल्या वर्षी देशातून निघून गेला, म्हणून हातात थम्स अपची बाटली. आणि आता त्यांचा चेहरा उजेडात दिसतो, तेव्हा तुम्हाला कळतं. हाच तो. तुमच्यासाठी आखूड बाह्यांच्या जॅकेटाची ती रात्र आत्ताच होऊन गेली, त्यांच्यासाठी मधे बेचाळीस वर्षं गेली आहेत.

"तुम्ही वाजवायचात का?" तुम्ही विचारता.

"हॉटेलात वाजवलं, मग स्टुडिओत. अण्णांकडे, शंकर-जयकिशनकडे. नाव पडद्यावर कधी आलं नाही. पण लग्नात बँडवाले माझी ओळ वाजवतात तेव्हा मी बायकोला सांगतो, ऐक, ही माझी." ते बाटलीतला शेवटचा घोट घेतात. "ताजमध्ये लहानपणी एकाला ऐकलं होतं. रबराची वाटी घेऊन वाजवायचा. एक दोस्त होता बरोबर."

मग आठवणींना पूर येतो. कुठला मित्र बोटीवर गेला, कोण कॅनडाला, कोण बॉलरूम बंद झाल्यावर परत गावी जाऊन चर्चच्या शाळेत मुलांना व्हायोलिन शिकवत राहिला. तुमच्या कंपूतली मैत्रीण पुढे सरकून ऐकते आहे. गिरगावचा मित्र त्यांना 'अलबेला'विषयी विचारतो. पुण्याचा मित्र मुलगी झाल्याची बातमी त्यांनाही देतो, आणि ते उभे राहून त्याला मिठी मारतात. मध्यंतर संपल्याची घंटा होते तेव्हा एक माणूस तुमच्या कंपूत वाढलेला असतो.

दुसरी रात्र सॉनी रॉलिन्सची. न्यूयॉर्कचा टेनर सॅक्सोफोनवादक, वय सत्तेचाळीस. त्याची एक कहाणी रंगभवनातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. १९५९ मध्ये, नाव अगदी शिखरावर असताना, तो मैफली सोडून बाजूला झाला आणि दोन वर्षं न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकटा जाऊन रियाझ करत राहिला, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. दुसरी कहाणी तर आपल्याच शहरातली आहे. साठच्या दशकाच्या अखेरीला हा माणूस मुंबईत येऊन पवईच्या आश्रमात काही महिने राहिला, योग आणि वेदान्त शिकायला. तेव्हा तो साधक म्हणून आला होता. आज ह्याच शहरासमोर तो वाजवायला उभा आहे.

तो एका जागी उभा राहून वाजवत नाही, ही त्याची सवय. चालत चालत मंचाच्या कडेपर्यंत येतो, सॅक्सोफोन वर उचलतो, खाली आणतो. मधेच साथीदारांना थांबवून एकटा वाजवत राहणं ही दुसरी सवय. आणि तिसरी म्हणजे वाजवता वाजवता कुठल्याही जुन्या गाण्याचा तुकडा अचानक आत ओवणं. नर्सरीतलं गाणं, नाटकातलं गाणं, त्याच्या आईच्या मुलखातलं, व्हर्जिन आयलंड्सच्या बेटांवरचं नाचगाणं. ओळखीचा तुकडा आला की अंधारात इथे-तिथे कुणीतरी हसतं. कुणाला कधी हसू येतं त्यावरून कळतं, कोण काय ऐकत मोठं झालं. असं एक हसू तुमच्या मैत्रिणीचं असतं, आणि तुम्हाला ती नव्याने कळते. इतक्या वर्षांच्या ओळखीत ते गाणं तिला माहीत आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं.

रेडिओवर हे होत नाही. रेकॉर्डवर सूर मिळतो, पण शेजारच्याचा श्वास अडकलेला ऐकू येत नाही. रंगभवनात तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी ऐकता. मंचावर काय चाललंय ते, आणि त्याने तुमच्या माणसांचं काय होतंय ते. वादकांचंही हेच चाललेलं असतं. सॅक्सवाला बोलत असताना ड्रमवाला गप्प राहत नाही, तो हुंकार देतो, एखादा शब्द उचलून धरतो, चुकलेल्याला सावरून घेतो. चांगला मित्र गप्पांत हेच करतो.

कार्यक्रम संपतो, पण कुणी घरी जात नाही. मेट्रोच्या फुटपाथवर शेवटच्या लोकलपर्यंत वाद चालतात, टेरी मोठा की रॉलिन्स. पहिल्यांदा जॅझ ऐकणारा आणि वीस वर्षं ऐकणारा दोघंही तावातावाने बोलतात, आणि ट्रंपेटवाले काका दोघांनाही सारख्याच गांभीर्याने उत्तर देतात.

परतल्यावर

जॅझ यात्रा दर दोन वर्षांनी भरत राहिली, आणि रंगभवनात पुढे रॉकवाल्यांनीही आपला मेळा भरवला. मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयं ह्यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. रंगभवनाच्या एका बाजूला कॉलेज, जवळच कामा आणि जी. टी. रुग्णालय. पुढच्या काही वर्षांत तिथल्या तशा मैफली थांबल्या.

नियम योग्यच आहे. तापाने फणफणलेल्या बाईला रात्री अकराला ड्रम ऐकायला लावणं कुठल्याच कलेला शोभत नाही. पण एक जागा बंद केली तर तशीच दुसरी उघडणं हे शहराचं काम होतं, आणि ते झालं नाही ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. इथे मी सभागृहांविषयी बोलत नाहीये, ती आहेत आणि चांगली आहेत. मी बोलतोय स्टेशनपासून चालत जाता येईल अशा जागेविषयी, जिथे बँकेतला कारकून, कॉलेजातली मुलगी आणि निवृत्त ट्रंपेटवाला एकाच रांगेत बसू शकतात आणि नंतर रेंगाळल्याबद्दल कुणी त्यांना हुसकत नाही. अशी जागा मुंबईने मागायला हवी. पुण्याने, नागपूरने, पणजीने मागायला हवी. मागणी करणारे आपण असलो तरच ती मिळेल.

तोवर जे आहे ते भरलेलं ठेवू. कुठल्या तरी छोट्या हॉलमध्ये, कॅफेच्या कोपऱ्यात, कॉलेजच्या अंगणात आजही कुणीतरी तरुण सॅक्सोफोन घेऊन उभा राहतो आणि समोर पंधरा माणसं असतात. ती एकोणीस करणं आपल्या हातात आहे. ज्यांना सहा महिन्यांत नुसते मेसेज पाठवलेत अशा तिघांना फोन करा आणि चार तिकिटं काढा. तासभर आधी भेटा, म्हणजे घरच्या बातम्या सांगून होतील आणि मैफलीत बोलावं लागणार नाही. सुरू झालं की बारा मोजा. चुकलात तर शेजाऱ्याला विचारा, आणि शेजारी एकटा आला असेल तर मध्यंतरात त्याला आपल्यात ओढून घ्या. ह्या शहरात जॅझ असंच रुजलं, एकाने दुसऱ्याला "चल, ऐकायला जाऊ" म्हटलं म्हणून. पुढेही तेवढ्यावरच चालणार आहे.